त्रैक्य कसं शिकवावं: बर्फ-वाफेऐवजी आजीची प्रार्थना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. त्रैक्य रविवार जवळ आलाय. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना आणि त्यानंतर महिला मंडळाला त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं असूनही देव एकच या ख्रिस्ती शिकवणीबद्दल, सांगायचं काम तुमच्याकडे आलंय. गेल्या वर्षी तुम्ही पाणी, बर्फ आणि वाफ यांचं उदाहरण दिलंत, तर नववीतल्या एका मुलानं विचारलं, "मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कोणाला करत होता? बर्फ वाफेशी बोलतो का?" वर्ग हसला. तुम्ही "हे गूढ आहे" म्हणून विषय आवरता घेतलात. ते तुम्हाला अजून खुपतंय, आणि या वर्षी कोणतं उदाहरण द्यावं असं तुम्ही विचारताय.

आधी त्या मुलाची पाठ थोपटा. तिसऱ्या शतकात साबेलियस नावाच्या शिक्षकाच्या नावानं जी शिकवण ओळखली जाते, तिचा गाभा तुमच्या बर्फ-वाफेचाच होता: देव एकच, तोच कधी पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून. मंडळीनं, म्हणजे चर्चनं, ती शिकवण नाकारली, आणि नाकारण्याचं मोठं कारण तुमच्या विद्यार्थ्यानं एका वाक्यात सांगितलं. येशू पित्याशी बोलतो. पिता त्याच्याविषयी बोलतो. एकाच नटानं तीन मुखवटे घातले असतील तर ती सगळी बोलणी नाटकातली ठरतात.

उदाहरणांच्या बाबतीत माझे हात तुमच्यापेक्षा जास्त पोळलेत. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधून आणि नंतर पुण्यात मी तीस वर्षांहून अधिक काळ बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग घेतले. सुरुवातीच्या एका वर्षी मी वर्गात उकडलेलं अंडं नेलं. टरफल, पांढरं, पिवळं. तीन गोष्टी, पण अंडं एकच. मोठ्या ऐटीत सोललं. समोर बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "सर, मग टरफल कोण? ते तर आपण टाकून देतो." मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, ते अंडं मात्र मीच खाल्लं. चूक तिच्या लगेच ध्यानात आली होती: टरफल म्हणजे अंडं नव्हे, अंड्याचा एक भाग. पुत्र हा देवाचा एक तृतीयांश भाग नाही. बेलाचं पान, झाडाचं मूळ-खोड-फांदी, त्रिकोण, सगळ्यांचं तेच होतं. आणि "एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा" हे उदाहरण म्हणजे पुन्हा बर्फ आणि वाफच.

म्हणून माझं म्हणणं असं की उदाहरण बदलू नका, सुरुवातच बदला. "तीन म्हणजे एक कसे?" हा प्रश्न फळ्यावर लिहिलात की वर्ग गणितात शिरतो, आणि गणितात तुम्ही हरणार. अगदी पहिल्या विश्वासणाऱ्यांनीही हे गणित घालून सुरुवात केली नव्हती. ते यहूदी होते. देव एकच आहे हे ते रोज सकाळ-संध्याकाळ म्हणत. तरीही येशूला ते प्रभू म्हणून हाक मारू लागले, आणि आपल्यात आलेला आत्मा हा देवच आहे असं अनुभवू लागले. आधी प्रार्थना बदलली, त्या प्रार्थनेला शब्द मागाहून सापडले. 'ट्रिनितास' हा लॅटिन शब्द देवासाठी वापरणारा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन साधारण इ. स. 200 च्या सुमाराचा. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं लोक त्या शब्दाशिवाय त्रैक्याची भक्ती करत होते. तुमच्या महिला मंडळातल्या बायकाही आज तेच करताहेत. त्यांना ते ठाऊक नाही, एवढंच.

हे मला एका आजीनं शिकवलं. पाथर्डीकडच्या एका गावात घरगुती प्रार्थनासभा होती. आजीचा नातू दवाखान्यात होता. अक्षरओळख नाही, आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. सगळ्यांच्या लांबलचक प्रार्थना झाल्यावर ती म्हणाली, "देवा बापा, तुला हात जोडते. येशूच्या नावानं मागते. मला नीट मागता येत न्हाई, पर माझ्यात तुझा आत्मा हाय, तो मागंल तसं दे." आमेन. बस.

घरी जाताना मी ते एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतलं. पुढच्या वर्गात फळ्यावर तिची तीन वाक्यं लिहिली आणि तीन शब्दांभोवती खडूनं गोल काढले: *तुला*, *नावानं*, *माझ्यात*. मग विचारलं, आजी कोणाला मागते? पित्याला. कोणाच्या नावानं? पुत्राच्या. कोणाच्या आधारानं मागते, आणि तो कुठं आहे? आत्मा, तिच्या आतच. मग पुढचा प्रश्न: यातला देव कोण? थोडा वेळ वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तिघंही की." आणि आजीनं किती देवांना प्रार्थना केली? "एकाच."

ताई, इथून सुरुवात करा. ती आजी नुसती देवाकडे जात नव्हती, ती त्या देवाच्या आत उभी राहून बोलत होती. तिच्या समोर पिता, सोबत पुत्र, आत आत्मा. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो: आपण काय मागावं ते आपल्याला कळत नाही, पण आत्मा आपल्या वतीनं मध्यस्थी करतो, आणि त्याच आत्म्यामुळे आपण "अब्बा, बापा" अशी हाक मारतो. "अब्बा" ही येशूची स्वतःची हाक आहे. पुत्राच्या तोंडची हाक आत्मा आपल्या तोंडी देतो.

आता तुम्हाला वाटेल, प्रत्ययांवर एवढा जोर कशाला, हे मराठीच्या बाईंचं काम आहे. पण चौथ्या शतकात खरोखर असं भांडण झालं. कैसरियाचा बिशप बेसिल उपासनेत दोन प्रकारे गौरव म्हणत असे. कधी "पित्याला, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये", तर कधी "पित्याला, पुत्रासह, पवित्र आत्म्यासह". काहींनी आक्षेप घेतला: 'सह' कसं म्हणता? 'द्वारे' म्हणजे साधन, 'मध्ये' म्हणजे जागा. पुत्र आणि आत्मा पित्याच्या बरोबरीचे कसे होतील? त्यावर बेसिलनं सुमारे 375 साली पवित्र आत्म्याविषयी अख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यात पानंच्या पानं या एवढ्याशा अव्ययांवर खर्च केली. त्याचं उत्तर साधं आहे: 'द्वारे' आणि 'मध्ये' म्हणताना आपल्याला देव कसा भेटतो ते आपण सांगतो, 'सह' म्हणताना तो कोण आहे ते सांगतो. दोन्ही म्हणायलाच हवं. मुलांना बेसिलचं नाव सांगितलं नाही तरी चालेल. पण तुम्हाला माहीत असू द्या, म्हणजे फळ्यावर *तुला, नावानं, माझ्यात* लिहिताना हात कापणार नाही.

त्यानंतर मंडळीला रोजचीच दोन वाक्यं दाखवा. पहिलं बाप्तिस्म्याचं: "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने." मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातलं. मुलांना विचारा, तिघांची नावं सांगितली, मग व्याकरणानं काय हवं होतं? "नावांनी." पण आहे काय? "नावाने." एकवचन, आणि मूळ ग्रीकमध्येही एकवचनच. मराठीच्या तासाला एवढं कंटाळवाणं वाटणारं वचन इथं एकदम जिवंत होतं. हा क्षण मी दरवर्षी राखून ठेवतो. वसईकडच्या कॅथलिक कुटुंबांतली मुलं वर्गात असतील तर त्यांना क्रुसाची खूण करून दाखवायला सांगा. कपाळ, छाती, दोन्ही खांदे, आणि तोंडानं तेच एकवचनी नाव. त्यांच्या हाताला त्रैक्य जिभेच्या आधी येतं, आणि याबाबतीत आम्हा प्रोटेस्टंटांना त्यांचा थोडा हेवा वाटायला हरकत नाही.

दुसरं वाक्य आशीर्वादाचं, उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून म्हणतात ते: प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा शेवट. इथं क्रम बघा. पिता पहिला नाही, येशू पहिला आहे. का? आपल्या बाबतीत झालं तसंच. बहुतेकांना आधी येशूची कृपा भेटली, त्याच्यामुळे देव आपल्यावर प्रीती करतो हे कळलं, आणि मग आत्म्यानं एकमेकांशी जोडलं गेलो. हे पत्र साधारण इ. स. 55-56 चं, येशूच्या मरणानंतर पंचवीसेक वर्षांतलं. "त्रैक्य नंतर राजानं लादलं" असं कोणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, पत्राचा काळ सांगा आणि आशीर्वाद म्हणून दाखवा.

मुलांसाठी तिसरी गोष्ट यार्देन नदीतल्या येशूच्या बाप्तिस्म्याची. मार्क, पहिला अध्याय, वचनं 9 ते 11. नाटुकलं बसवू नका. पित्याचं काम कोणाला द्यायचं यावरून भांडणं होतात आणि आत्म्याच्या जागी पुठ्ठ्याचं कबूतर येतं. नुसतं वाचा आणि तीन प्रश्न विचारा: पाण्यात कोण उभं आहे? वरून कोण उतरतं? आवाज कोणाचा? तिघं एकाच वेळी, एकाच ठिकाणी. बर्फ-वाफेचा प्रश्न तिथंच मिटतो. आवाज काय म्हणतो तेही थांबून ऐका: तू माझा प्रिय पुत्र. येशूनं अजून एकही चमत्कार केलेला नाही, एकही उपदेश दिलेला नाही. पित्याची प्रीती त्याच्या कामाच्या आधीची आहे.

आणि इथंच महिला मंडळासाठी खरा मुद्दा येतो. योहान म्हणतो, देव प्रीती आहे. प्रीती करायला कोणीतरी समोर लागतं. जग निर्माण व्हायच्या आधी देव एकटाच असता, तर तो प्रीती कोणावर करत होता? मग जग निर्माण झाल्यावर तो प्रीती 'करू लागला' असं म्हणावं लागेल, आणि प्रीती करायला त्याला आपली गरज होती असं ठरेल. पिता पुत्रावर अनादिकाळापासून प्रीती करतो म्हणूनच "देव प्रीती आहे" हे वाक्य उभं राहतं. हे ऐकल्यावर एक मावशी म्हणाल्या होत्या, "म्हणजे देवाच्या घरी माणसं होतीच." धर्मपंडिताला 'माणसं' हा शब्द खटकेल. मला नाही खटकला.

तरी पुढचा प्रश्न येतोच: बाप आधी, मुलगा नंतर, मग पुत्र लहान नाही का? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा पाळक अरियस हेच म्हणत होता: एक वेळ अशी होती की पुत्र नव्हता. तो पुस्तकी माणूस होता असं समजू नका. त्यानं आपली शिकवण गाण्यांत घातली, आणि खलाशी, दळण दळणारे, प्रवासी ती गात. पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये निस्साच्या बिशप ग्रेगोरीनं वैतागून लिहिलं: सराफाकडे सुटे पैसे मागावेत तर तो जन्मलेला आणि न जन्मलेला यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारावा तर उत्तर येतं की पिता मोठा आणि पुत्र धाकटा. साधी माणसं धर्मसिद्धांतात रस घेत नाहीत असं कोणी म्हटलं की मला तो पाववाला आठवतो.

325 साली नायसीया इथं सम्राट कॉन्स्टंटाइननं बोलावलेल्या परिषदेत अरियसचं म्हणणं फेटाळलं गेलं. 2025 मध्ये त्याला 1700 वर्षं झाली. आपला नायसीन मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, तिथं सुरू झाला आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याला आजचं रूप आलं. त्यातला कळीचा तुकडा म्हणजे पुत्र 'जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे'. कुंभार मडकं घडवतो. मडकं कुंभाराच्या जातीचं नसतं. त्याच कुंभाराच्या पोटी लेकरू जन्मतं, ते त्याच्यासारखंच माणूस असतं, पाऊण माणूस नसतं. पुत्र म्हणजे देवाचं मडकं नव्हे.

पण बाप वयानं मोठा असतोच ना? याला अरियसचा विरोधक अथनासियसनं दिलेलं उत्तर मी बायकांच्या भाषेत असं विचारतो: तुमचं वय किती? कोणी सांगतं बावन्न. आई म्हणून तुमचं वय किती? मग हसतात, हिशेब करतात, आणि म्हणतात, "थोरल्याएवढंच." बरोबर. बाई आधीची असते. आई आणि लेकरू एकाच घटकेला जन्मतात. मूल नाही तोवर कोणी बाप नाही. आता देव पिता *झाला* की तो नेहमीच पिता आहे? नेहमीच असेल, तर पुत्रही नेहमीच आहे. मतांगीकारातलं 'प्रकाशापासून प्रकाश' हेच सांगतं: सूर्य आधी आणि उजेड नंतर असं कधी होत नाही. उदाहरणं मुळीच देऊ नका असं माझं म्हणणं नाही. एका उदाहरणानं एकच गोष्ट दाखवा, आणि ती दाखवून झाली की ते खिशात ठेवा.

'व्यक्ती' या शब्दाबद्दल थोडं सावध राहा. 'एक देव, तीन व्यक्ती' असं आपण शिकवतो. मराठीत व्यक्ती म्हटलं की डोळ्यांपुढं रेशनकार्डावरची तीन नावं येतात: वेगळं शरीर, वेगळं मन, वेगळी मर्जी. त्रैक्यात तसं नाही. पित्याची एक इच्छा, पुत्राची दुसरी आणि मग बहुमत, असा प्रकार नाही. तत्त्व एक, इच्छा एक, सामर्थ्य एक. वेगळेपण फक्त नात्यातलं आहे: पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा निघालेला. (आत्मा पित्यापासून निघतो की पित्यापासून आणि पुत्रापासूनही, यावर पूर्व आणि पश्चिमेच्या मंडळ्या हजार वर्षं भांडताहेत. महिला मंडळात हा विषय काढू नका.) हिप्पोचा बिशप अगस्तीननं तर कबूलच केलं होतं की 'तीन व्यक्ती' आपण म्हणतो ते नेमकं काही सांगता येतं म्हणून नव्हे, गप्प बसता येत नाही म्हणून. शब्द वापरा, पण त्यावर सगळा भार टाकू नका.

आता शेजाऱ्यांचे प्रश्न. आपल्याकडे ते दोन दिशांनी येतात. मुस्लिम मित्र विचारतो, "तुम्ही तीन खुदा मानता ना?" त्याला सरळ सांगा: नाही, देव एकच आहे, यात आपण दोघं सोबत आहोत. त्यालाही आणि आपल्यालाही नको असलेली एक कल्पना, म्हणजे देवानं माणसासारखा संसार करून मुलगा मिळवला, ती आधी बाजूला काढा. अर्धा गैरसमज तिथंच असतो.

हिंदू शेजारी आपुलकीनं म्हणतो, "आमच्या त्रिमूर्तीसारखंच की." यात त्याला आपल्याला जवळ घ्यायचं असतं, तेव्हा तोडून बोलू नका. फरक मात्र नीट सांगा. त्रिमूर्तीत कामांची वाटणी आहे: एक निर्माण करतो, एक सांभाळतो, एक लय करतो. त्रैक्यात अशी खातेवाटणी नाही. निर्मिती पित्याची, पुत्राद्वारे, आत्म्यानं, तारणही तसंच. मंडळीतलीच माणसं नकळत 'निर्माण करणारा पिता, तारणारा पुत्र, शक्ती देणारा आत्मा' अशी तीन टेबलं मांडतात. शेजाऱ्याला समजावता समजावता आपलंही दुरुस्त होतं.

बंगालचे ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी 1898 मध्ये 'वंदे सच्चिदानंदम्' हे संस्कृत स्तोत्र रचून सत्, चित् आणि आनंद यांतून त्रैक्याची स्तुती केली. त्याआधी 1882 मध्ये केशवचंद्र सेन यांनी एका व्याख्यानात हीच जोडणी केली होती. शिकलेल्या माणसाशी बोलताना मी ते आवर्जून सांगतो, फार सुंदर रचना आहे. खेड्यातल्या वर्गात मात्र ते चालत नाही. सत्-चित्-आनंदाला हाक मारता येत नाही, आणि आजीला तर हाकच मारायची असते. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात फादर स्टीफन्सना हे नेमकं उमगलं होतं. 1616 साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच ओवीत ते "देवा बापा सर्वसमर्था" अशी हाक घालतात. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाची मराठी, आणि पहिल्या ओवीतच 'बापा'.

पवित्र आत्म्यावर थोडा जास्त वेळ द्या. पित्याचं आणि पुत्राचं चित्र लोकांच्या मनात असतं, आत्म्याचं नसतं. मग तिथं दोन गोष्टी शिरतात: एक 'करंट', दुसरी 'अंगात येणं'. तरुण मुलं "काय पॉवर होती मीटिंगमध्ये" असं म्हणतात, आणि आत्मा म्हणजे वीज असा समज होतो. इफिसकरांस पत्र सांगतं, पवित्र आत्म्याला खिन्न करू नका. विजेला खिन्न करता येतं का? प्रेषितांच्या कृत्यांत हनन्याला पेत्र म्हणतो, तू पवित्र आत्म्याशी खोटं बोललास, आणि पुढच्याच वचनात, तू माणसांशी नाही, देवाशी खोटं बोललास. खोटं बोलायला समोर कोणीतरी लागतं. हिब्रूत आत्म्याचा शब्द बहुधा स्त्रीलिंगी, ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी. मराठीत आत्मा 'तो' आहे, तेवढी मराठीची आपल्याला मदतच होते.

आणि आपल्या बायबलातला, आत्म्यासाठी आलेला 'कैवारी' हा शब्द बायकांपुढे नुसता ठेवा. येशू म्हणतो, पिता तुम्हांला *दुसरा* कैवारी देईल. मी विचारतो, कैवार कोण घेतं? सासरी बोलणी बसतात तेव्हा पाठीशी उभा राहणारा भाऊ, असं उत्तर येतं. मग विचारा: दुसरा म्हटलं तर पहिला कोण? योहानाच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात तोच शब्द येशूसाठी आहे. पित्याजवळ एक कैवारी, आपल्याजवळ दुसरा. एकदा एवढं सांगितल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही, आणि मीही बोललो नाही.

एक सवय लावून घ्या. मंडळीत प्रार्थना ऐकताना कान उघडे ठेवा. "हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर मेलास" असं तुम्हाला महिन्यातून एकदा तरी ऐकू येईल. बोलणाऱ्याचं मन शुद्ध असतं, वाक्य घसरतं. पिता आणि पुत्र एकच मानणाऱ्या प्राक्सेयस नावाच्या माणसाला तर्तुलियननं टोला मारला होता की यानं सैतानाची दोन कामं केली: आत्म्याला हुसकावलं आणि पित्याला वधस्तंभावर दिलं. पण तुम्ही तर्तुलियन होऊ नका. सर्वांसमोर तर मुळीच सुधारू नका; अशानं दोन माणसांनी माझ्यासमोर प्रार्थना करणं सोडलं होतं, ती माझी चूक. आता मी फक्त पुढची प्रार्थना स्वतः नीट करतो: पित्या, तू आपला पुत्र दिलास. ऐकता ऐकता माणसं शिकतात. "येशू मेला तेव्हा विश्व कोण सांभाळत होतं?" हा लहान मुलांचा आवडता प्रश्नही यातलाच. पुत्र माणूस झाला होता म्हणून त्याला खरोखर मरता आलं. त्याचं देवपण मेलं नाही आणि पिताही मेला नाही.

काही गोष्टी टाळा. "स्वर्गात साक्ष देणारे तिघं" हे 1 योहान 5:7 मधलं जुन्या आवृत्त्यांतलं वाक्य पुरावा म्हणून वापरू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मस या विद्वानानं आपल्या ग्रीक नव्या कराराच्या 1516 आणि 1519 च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, 1522 मध्ये घेतलं. घरोघरी येणाऱ्या, त्रैक्य न मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांना हे पाठ असतं, आणि तुमचा पहिलाच दगड निसटला की बाकीची भिंत कोणी बघत नाही. उत्पत्तीतलं "आपण मनुष्य करू" हेही मुख्य आधार म्हणून नको. आणि अगस्तीन आणि समुद्रकिनारी शिंपल्यानं समुद्र उपसणारा मुलगा ही गोष्ट दंतकथा आहे. समुद्र खळग्यात मावत नाही तसं त्रैक्य डोक्यात मावत नाही, असं सांगून उपदेशात ती येते ती बहुधा प्रश्न बंद करायला. नव्या करारात 'रहस्य' म्हणजे देवानं आता उघड केलेली गोष्ट. "गूढ आहे" म्हणायचंच असेल तर ते शेवटी म्हणा, सगळं सांगून झाल्यावर. सुरुवातीलाच म्हटलं तर मुलं समजतात की बाईंना येत नाही.

त्या रविवारी 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे गीत घ्या. मूळ गीत रेजिनाल्ड हेबर यांनी त्रैक्य रविवारासाठीच लिहिलं; ते पुढे कलकत्त्याचे बिशप झाले आणि 1826 मध्ये त्रिचनापल्लीला वारले. चालीचं नावच 'नायसीया' आहे. मुलांना हे सांगितलं की ती गाताना जरा ताठ उभी राहतात.

वर्गाला तास असेल तर पंचवीस मिनिटं आजीच्या प्रार्थनेला द्या, पंधरा यार्देनला, दहा 'नावाने' आणि आशीर्वादाला, उरलेली प्रश्नांना. नायसीया पुढच्या आठवड्यात. महिला मंडळात क्रम उलटा ठेवा: आधी कैवारी, मग आईचं वय, मग प्रत्येकीला स्वतःची रोजची प्रार्थना आठवून 'कोणाला, कोणाच्या नावानं, कोणाच्या आधारानं' हे शोधू द्या. बर्फाचा ट्रे घरीच राहू द्या.

आणि त्या नववीतल्या मुलाला या वर्षी योहानाचा सतरावा अध्याय मोठ्यानं वाचायला सांगा, गेथशेमानेला जाण्याआधीची ती प्रार्थना. सव्वीस वचनं आहेत. चोविसाव्या वचनावर त्याला थांबवा, जिथं येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वीपासून तू माझ्यावर प्रीती केलीस, आणि त्यालाच विचारा: गेल्या वर्षी तू विचारलं होतंस ना, येशू कोणाशी बोलत होता?